मुंबईचा दुधाचा रतीब

मुंबईत दुधाचा रतीब हा एक न लिहिलेला करार असतो. ठरलेल्या माणसाने ठरलेल्या वेळी ठरलेले माप दारात ओतायचे, महिना संपला की घराने हिशेब चुकता करायचा आणि गावाला जायचे असेल तर आदल्या दिवशी खाडा सांगून ठेवायचा. हा व्यवहार शहरात फार जुना आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत त्याच्याहून स्वस्त दूध कोठे ना कोठे मिळत आले आहे: आधी सरकारी केंद्रावर, मग पिशवीत, अलीकडे मोठ्या दुकानांच्या शीतकपाटात. तरीही रतीब मोडला नाही, आणि त्याचे श्रेय केवळ सवयीला देता येत नाही. दारात येणारे दूध आणि रांगेत मिळणारे दूध या बराच काळ दोन वेगळ्या वस्तू होत्या. शिवाय स्वस्त दुधाची स्वस्ताई नेहमीच कोणाच्या तरी पदरचे घेऊन आलेली होती.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत दूध बाहेरून आणण्याची सोय नव्हती. इथल्या दमट उकाड्यात काढलेले दूध काही तासांत नासते, म्हणून दूध हवे तर जनावर शहरातच बांधावे लागे. आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानाचा भाग गवालिया टँक म्हणून ओळखला जाई. गवळ्यांची गुरे तिथल्या तलावावर पाण्याला येत. शहर वाढले तसे तबेले उत्तरेकडे सरकत गेले, पण वस्तीच्या कडेकडेनेच राहिले. जनावरे ठेवायला पालिकेची परवानगी लागे, आणि शेण, माश्या व सांडपाणी यांवरून तबेलेवाले आणि आरोग्य खाते यांचे सतत खटके उडत.

या तबेल्यांत गायी थोड्या आणि म्हशी फार. सुरती, जाफराबादी, मेहसाणा आणि पुढे दिल्लीकडची मुऱ्हा या जातींच्या ताज्या व्यालेल्या म्हशी गुजरात, पंजाब आणि हरयाणाच्या भागातून रेल्वेने आणल्या जात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, म्हणजे गायीच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. चहा गडद होतो, साय जाड धरते, दही घट्ट लागते. मुंबईच्या जिभेला हीच चव बसली. तबेल्यात दूध काढणारे आणि घरोघर घालणारे बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेले होते. घरातल्या बायका त्यांना भय्या म्हणत आणि मराठी गवळ्यांबरोबरच शहराचे दूध मुख्यतः त्यांच्या खांद्यावर आणि पुढे सायकलवर आले.

शहरातल्या म्हशीचे दूध महाग पडायला ठोस कारणे होती. चरायला रान नाही, त्यामुळे वैरणीची काडीन् काडी विकत. जागेचे भाडे, पाणी, पेंड, सरकी, सगळे रोख. म्हैस दहा महिन्यांच्या आसपास दूध देते आणि मग आटते. गावातला शेतकरी आटलेल्या म्हशीला बांधावरच्या गवतावर जगवतो. मुंबईत तिला पुढच्या वेतापर्यंत पोसणे म्हणजे निव्वळ तोटा. परिणामी आटलेल्या म्हशींपैकी मोठ्या संख्येच्या वाट्याला कत्तलखाना येई आणि त्यांच्या जागी नव्या म्हशी आणल्या जात. रेडकाला पाजलेले दूध विकता येत नाही, म्हणून रेडके उपासमारीने मरत. खेड्यांतल्या निवडक दुधाळ म्हशी एकेका वेतासाठी शहरात येऊन संपत होत्या. दुग्धव्यवसायाच्या जाणकारांनी याविरुद्ध पुनःपुन्हा लिहिले. शहराच्या दाराशी येणाऱ्या ताज्या दुधाची ही किंमत बिलात कधीच दिसत नव्हती, आणि रतिबाच्या जुन्या दिवसांबद्दल हळवे होऊन बोलताना ती विसरली जाऊ नये.

असे महाग दूध घरे घेत राहिली, कारण रतिबात दुधाबरोबर आणखी बरेच काही येत होते. पहिली गोष्ट उधारी. पगार महिन्याला एकदा होणाऱ्या घराला रोज रोकड काढणे जड जाई. गवळी महिनाभर थांबत असे. अडचणीच्या महिन्यात अर्धे बिल पुढे ढकलले जाई आणि बाळंतिणीच्या घरी न सांगता माप वाढे. दुसरी गोष्ट हिशेबाची पद्धत. पूर्वी भिंतीवर कोळशाच्या किंवा खडूच्या रेघा असत. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांचे कालनिर्णय निघाले आणि तारखेच्या चौकोनात दुधाचे माप व खाडे टिपून ठेवण्याची रीत घरोघर रुळली. महिनाअखेरीस गृहिणी आणि गवळी त्या एका पानापुढे उभे राहून बेरीज करत.

तिसरी गोष्ट साय. तापवलेल्या म्हशीच्या दुधावरची साय रोज काढायची, विरजण लावायचे, आठवड्याने घुसळून लोणी काढायचे आणि कढवून तूप करायचे, हे मराठी स्वयंपाकघरातले ठरलेले चक्र होते. लिटरभर दुधातून चहा, मुलांचे दूध, दही, ताक आणि तूप अशा पाच वस्तू निघत. त्यामुळे दोन दुधांचा भाव नुसता लिटरवर ताडून पाहणारा हिशेब सुगरणीला कधीच पटला नाही. तिचे तूप वरच्यावर निघत होते.

या व्यवहाराचा दुबळा भाग होता पाणी. माप झाल्यावर गवळी वरून एक धार घाली, पण त्या धारेआधी हंड्यात किती पाणी गेले हे घराला कळायचा मार्ग नव्हता. दूध पातळ वाटले तर बोट बुडवून पाहणे, साय मोजणे आणि भांडणे, एवढेच हाती होते. दुग्धमापी बुडवून घनता पाहता येते, पण साखर किंवा मीठ घालून घनता फसवताही येते. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने प्रत्येक प्रकारच्या दुधाला किमान स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थांचे प्रमाण बांधून दिले. तरी रोज पहाटे हजारो हंड्यांतून वाटल्या जाणाऱ्या दुधाची तपासणी कोणत्याही खात्याच्या आवाक्यातली नव्हती. गवळी बदलणे हाच घराचा खरा दंड होता. चाळीत एका घराने रतीब तोडला की ती बातमी सगळ्या मजल्यांवर जाई, आणि गवळ्यावर तिचाच धाक जास्त असे.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईची लोकसंख्या फुगली, धान्य रेशनवर गेले आणि दुधाचे भाव सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेले. प्रांतिक सरकारने दूधपुरवठ्यात पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर हात घातला. १९४५ मध्ये गुजरातेतल्या आणंदहून सुमारे चारशे किलोमीटर अंतर कापून पाश्चरीकृत दूध रेल्वेने मुंबईला आणायला सुरुवात झाली. दूध गोळा करण्याचा ठेका पोल्सन या खासगी कंपनीकडे होता. मुंबईत दूध पोचू लागले, पण आणंदच्या परिसरातल्या, खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात फारसा फरक पडला नाही. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद केले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी संघाची नोंदणी झाली. अमूल याच संघातून उभा राहिला. मुंबईच्या चहाला स्वस्त दूध हवे होते आणि त्या मागणीच्या ओढाताणीतून देशातली सर्वांत मोठी सहकारी चळवळ जन्मली, हे मुंबईच्या इतिहासातले फारसे न सांगितले गेलेले प्रकरण आहे.

मुंबईच्या बाजूने या कामाचे सूत्रधार होते दारा खुरोडी. दूध आयुक्त म्हणून त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते: म्हशी शहरातून हलवायच्या आणि दूध गरिबाला परवडेल अशा भावात द्यायचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आरे कॉलनी. १९४९ मध्ये गोरेगावच्या पूर्वेला सुमारे १,२८७ हेक्टर जमिनीवर ही वसाहत सुरू झाली आणि मार्च १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या भेटीने ती देशभर गाजली. तीसएक तबेल्यांत मिळून सोळा हजारांच्या आसपास जनावरांची सोय होती. म्हशी मालकांच्याच राहिल्या. सरकारने त्यांना गोठा, पाणी, गवत आणि जनावरांचे डॉक्टर पुरवले आणि दूध स्वतः विकत घेतले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते टोन्ड दूध. म्हशीच्या दुधात स्निग्धांश हवा त्याहून जास्त असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळली तर स्निग्धांश तीन टक्क्यांवर येतो, प्रथिने टिकून राहतात आणि एका लिटरचे जवळजवळ दोन लिटर होतात. १९४६ च्या सुमारास मुंबईत हा प्रयोग झाला आणि पुढे देशभर पसरला. अनेक घरांना ते सरकारमान्य पाणी घातलेले दूध वाटले. ही समजूत अन्यायाची होती. गवळ्याच्या पाण्याने प्रथिनेही पातळ होत, टोन्ड दुधात ती राखली जात होती, आणि ज्या घरात पूर्वी लहान मुलांना बिनदुधाचा चहा मिळे तिथे पहिल्यांदा दूध पोचले. त्या दुधाची स्वस्ताई मात्र सगळी मुंबईची स्वतःची नव्हती. भुकटी बराच काळ परदेशातून येई. हिवाळ्यात आणंदला दुधाचा महापूर आला की ते सगळे घेण्याऐवजी मुंबईला ती आयात भुकटीच सोयीची पडे. यावरून खुरोडी आणि आणंदच्या संघाचे वर्गीस कुरियन यांच्यात तीव्र मतभेद होते. हिवाळ्यातले जादा दूध जिरवण्यासाठी आणंदला भुकटीचा कारखाना उभा राहिला, १९५५ मध्ये. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असा तज्ज्ञांचा समज त्याने खोटा ठरवला. खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना १९६३ चा रेमन मॅगसेसे पुरस्कार एकत्र मिळाला.

आरेचे दूध दारात येत नसे. नाक्यानाक्यावर लहान केंद्रे होती, तिथे पहाटे काचेच्या बाटल्यांचे क्रेट उतरत. घराला कार्ड काढावे लागे, कार्डावर जितक्या बाटल्यांची मंजुरी तितकेच दूध, आणि नवे कार्ड मिळायला वाट पाहावी लागे. कॉलेजात शिकणारी कित्येक मुलेमुली सकाळी केंद्रावर काम करून फी भरत. रिकाम्या धुतलेल्या बाटल्या पिशवीत खणखणत नेणे आणि भरलेल्या आणणे हे काम घरातल्या मुलांवर किंवा म्हाताऱ्यांवर येई. उशीर झाला, गाडी आली नाही, पावसात लोकल बंद पडल्या, तर रांग रिकामी परते. सरकारी दूध लिटरमागे स्वस्त होते, पण घरातले एक माणूस रोज पहाटे त्यासाठी खर्ची पडे. ज्या घरात असे मोकळे माणूस नव्हते त्या घराला रतीब महाग म्हणून सोडता येत नव्हता. बहुतेक मध्यमवर्गीय घरांनी मग मधला मार्ग काढला: चहाला केंद्राच्या दोन बाटल्या आणि मुलांसाठी व सायीसाठी गवळ्याचे अर्धा लिटर.

१९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने हा तोल बदलला. जागतिक अन्न कार्यक्रमाने देणगी म्हणून दिलेली १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल यांपासून दूध बनवून ते मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकायचे, आणि आलेल्या पैशातून खेड्यांत सहकारी संघ उभारायचे, अशी तिची मांडणी होती. शहरी तबेल्यांचा बाजार सहकारी दुधाने जिंकावा हा तिचा उघड हेतू होता. महाराष्ट्रात याच काळात वरळी आणि कुर्ला इथल्या सरकारी डेअऱ्यांना पश्चिम महाराष्ट्रातून दूध येऊ लागले. १९६३ मध्ये स्थापन झालेला कोल्हापूरचा गोकुळ संघ वाढत गेला आणि १९८३ मध्ये गोरेगावला राज्य सहकारी दूध महासंघाची महानंद डेअरी सुरू झाली. रात्री घाट उतरून येणारे टँकर मुंबईच्या सकाळचा भाग झाले.

खरा फरक केला तो प्लॅस्टिकच्या पिशवीने. काचेची बाटली जड, फुटणारी आणि परत न्यावी लागणारी. तिला केंद्र हवे, क्रेट हवे, धुण्याचे यंत्र हवे. पिशवी अर्ध्या लिटरची, हलकी आणि एकदाच वापरायची. वितरकाने पहाटे चार वाजता फुटपाथवर क्रेट उतरवले की सायकलला दोन्हीकडे पिशव्या अडकवून एक मुलगा तासाभरात शंभर दारांच्या कड्यांना दूध लावू शकतो. वर्तमानपत्र टाकणाऱ्यांनी हे काम सहज उचलले. लिटरमागे थोडे पैसे जास्त, हिशेब महिन्याने, खाडा आदल्या दिवशी सांगायचा: रतिबाची सगळी रीत पिशवीने जशीच्या तशी घेतली.

इंग्लंडमध्ये याच्या अगदी उलट घडले. १९८० च्या सुमारास ब्रिटनमधल्या घरांत येणाऱ्या दुधापैकी ८९ टक्के दूध दारात पोचत होते. सुपरमार्केटांनी प्लॅस्टिकच्या मोठ्या कॅनमधून फार कमी भावात दूध विकायला सुरुवात केली, घरोघर फ्रिज आणि मोटारी होत्याच, आणि पस्तीस वर्षांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास उतरले. मुंबईत मोठी दुकाने आल्यावरही तसे झाले नाही, कारण इथे स्वस्त दूध स्वतःच दारात येऊ लागले होते. ते येऊ शकले याला पहाटे तीनला उठणाऱ्या मुलांची कमी मजुरी कारण आहे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

आता भावाकडे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत अमूलच्या तीन टक्के स्निग्धांशाच्या टोन्ड दुधाचा भाव लिटरला ५४ रुपये आणि सहा टक्क्यांच्या दुधाचा ६६ रुपये होता. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या तबेलेवाल्यांनी सुट्ट्या म्हशीच्या दुधाचा घाऊक भाव ८० वरून ८५ रुपयांवर नेला. किरकोळीत तो त्याहून वर गेला. रोज लिटरभर घेणाऱ्या घराला टोन्ड पिशवीऐवजी सुट्टे दूध घेतल्यास महिन्याला हजार रुपयांच्या आसपास जास्त मोजावे लागले. ही तुलना मात्र तीन टक्क्यांची सहा-सात टक्क्यांशी होते. सारख्या स्निग्धांशाची तुलना ६६ आणि ८५ चीच करायला हवी. तशी केली तरी सुट्टे दूध तेव्हा लिटरला वीस-एक रुपयांनी महागच ठरले, आणि रोजची साय पिशवीच्या सहा टक्के दुधावरही धरते. जुन्या सुगरणीचा युक्तिवाद बाटलीच्या काळात बिनतोड होता. आज तो तितका राहिलेला नाही. ते जादा रुपये आता ताजेपणाचे, चवीचे आणि ओळखीच्या माणसाचे आहेत.

पिशवीच्या भावातही न दिसणारा एक वाटा आहे. १६ जुलै २०१८ रोजी स्वाभिमानी शेतकरी संघटनेने राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली मुंबईकडे जाणारे दूध अडवले. शहरात पिशवीचे दूध लिटरला चाळीस रुपयांच्या आसपास विकले जात असताना गायीच्या दुधाला शेतकऱ्याच्या हातात लिटरला वीसही रुपये पडत नव्हते. चार दिवसांनी सरकारने लिटरला २५ रुपये भाव आणि त्यासाठी पाच रुपयांचे अनुदान मान्य केले. भुकटीचे जागतिक दर पडले की संघ व खासगी डेअऱ्या खरेदीदर पाडतात, पिशवीचा भाव मात्र क्वचितच खाली येतो. तबेल्याच्या दुधात हा मधला टप्पा नसतो. पण तिथल्या म्हशीची आणि रेडकाची अवस्था पूर्वीसारखीच राहिली आहे, आणि रेडकू नसताना पान्हा सोडवण्यासाठी ऑक्सिटोसिनचे बेकायदा इंजेक्शन टोचण्याचे प्रकार उघडकीस येत राहिले आहेत.

शुद्धतेच्या बाबतीत दोन्हींपैकी कोणालाही निर्दोष म्हणता येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०११ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत १,७९१ नमुन्यांपैकी ६८ टक्के नमुने मानकात बसले नाहीत. त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांचा दोष पाणी हाच होता. २०१८ च्या मोठ्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी फक्त १२ नमुन्यांत घातक भेसळ सापडली. त्याच पाहणीत ५.७ टक्के नमुन्यांत बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून दुधात उतरणारे ॲफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघाले, आणि ते कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त होते. मुंबईत नामांकित कंपन्यांच्या पिशव्या ब्लेडने कापून, दूध काढून, पाणी भरून पुन्हा मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवणाऱ्या टोळ्याही वेळोवेळी पकडल्या गेल्या आहेत. सुट्टे दूध उकळूनच प्यावे लागते. पिशवीतले आधीच पाश्चरीकृत असते, तरी मुंबईतली बहुतेक घरे तेही उकळतात.

गेल्या दोन दशकांत तबेल्यांची जागा आणखी आक्रसली आहे. त्यांना मुंबईबाहेर, पालघर जिल्ह्यातल्या दापचरीकडे हलवण्याचे आदेश न्यायालयाने आणि सरकारने दिले. तबेलेवाल्यांनी पाणी, रस्ता आणि अंतराच्या कारणाने विरोध केला आणि गोरेगाव-जोगेश्वरीचे बरेच तबेले जागेवरच राहिले. बाकीचे सुट्टे दूध वसई, विरार आणि त्यापलीकडून लोकलच्या सामानाच्या डब्यातून कॅनमध्ये येते. दुसऱ्या टोकाला महागड्या रतिबाचा नवा प्रकार निघाला. २०११ पासून मंचरजवळच्या यांत्रिक गोठ्यातले गायीचे दूध पराग कंपनी पिशवीपेक्षा कितीतरी जास्त भावाने मुंबईतल्या घरी पोचवते. मुंबईतच सुरू झालेली सुपर डेली ही मोबाइलवरून रतीब लावण्याची सेवा २०१८ मध्ये स्विगीने विकत घेतली आणि मे २०२२ मध्ये मुंबईतून बंद केली. पिशवीच्या भावात, लिटर-अर्धा लिटर दूध रोज दारात पोचवून पगारी नोकर, गोदाम आणि ॲप यांचा खर्च निघत नव्हता. महानंद डेअरीचे व्यवस्थापन २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेले, आणि आरेच्या केंद्रांपैकी बहुतेक आता खाद्यपदार्थांची दुकाने झाली आहेत. त्यांच्यापुढच्या फुटपाथवर पहाटे वितरकांचे क्रेट अजूनही उतरतात.